मागं नका वाळू गो

"ऐका हो ऐका! जोमाचं घर वाळीत! पानी नाय, विस्तव नाय, बोलनं नाय, चालनं नाय, लगीन नाय, मयत नाय! ऐका हो ऐका!"

बामाचा तो आवाज इतक्या वर्षांनीही माझ्या कानात आहे. आणि खरं सांगायचं तर तो फार गोड आवाज होता. बामा गावाची दवंडी द्यायचा, पण भजनातही तोच पुढे असायचा. त्यामुळे श्रावणातल्या त्या दुपारी थाळी बडवत तो आमच्या दारावरून गेला, तेव्हा मला आधी ते गाणंच वाटलं. मी धावत ओटीवर आले. कोण बाई हा जोमा, म्हणून बघायला. मग आठवलं, जोमा म्हणजे आमचेच बाबा.

आई आत तांदळाचं पीठ मळत होती.

"आये, वाळीत म्हंजे काय गो?"

"सुट्टी," आई म्हणाली. "आता कुनाच्या लग्नात जाऊन अख्ख्या गावाच्या भाकऱ्या थापायला नको. बसू आपली पाय पसरून."

आणि ती हसली. आईचं हसू घरात कधी मावलं नाही. ते कौलांतून निसटायचं, मेंदीच्या कुंपणावरून उडी मारायचं आणि पलीकडे पाटलांच्या अंगणात जाऊन पडायचं.

बाबांनी हातातली विडी विझवली. "हसतेस कसली? गाव गेला आपला."

"गाव कुठं जातोय? व्हता तिथंच हाय," आई म्हणाली आणि परातीत पाणी ओतलं.

झालं होतं ते असं. आमचं गाव खाडीकाठचं. एकीकडे भातशेती, दुसरीकडे मिठागरं आणि मध्ये खारं पाणी अडवणारा लांबलचक मातीचा बांध. त्या बांधाच्या टोकाला कमळीचं घर. तिच्या नवऱ्याने तिला दुसऱ्या जातीतून करून आणलं होतं, म्हणून गावकीने ते घर वाळीत टाकलेलं. गावकी म्हणजे गावातल्या जाणत्या पुरुषांची बैठक. तिचे मुख्य चाहू पाटील, आमचे शेजारी. तर एका सकाळी कमळीला कळा सुरू झाल्या. तिचा नवरा दारोदार फिरला. दारं उघडली नाहीत. आमचं उघडलं. आई गेली, तिने पाणी तापवलं, मुलगी हातात झेलली, कमळीला पेज भरवली आणि पदराला हात पुसत घरी आली.

वाळीतल्या घराचा उंबरा ओलांडणारा आपणही वाळीत, हा नियम. तरी गावकीने एक वाट ठेवली होती. देवळासमोर उभं राहून माफी मागायची. आईने उलट निरोप धाडला, "पोरगी परत आत घालता येत नाय. मग माफी मागून काय उपेग?"

यानंतर बामा थाळी घेऊन आला.

गाव काही दगडाचा नसतो, हे मला त्यानंतर कळलं. आमच्याशी बोलायला बंदी होती, आमच्या बकरीशी नव्हती. हा शोध लावला पदीआजीने. पदीआजी ही गावाची धवलारीण. आमच्याकडे लग्न लावते ती धवलारीण. ती धवळे गाते, गाण्यातून देवांना बोलावते, नवरीला हळद चढवते. तिच्या गाण्यावाचून मांडवातलं पान हलत नाही. एके दिवशी ती काठी टेकत आली आणि कुंपणाला बांधलेल्या आमच्या बिजलीपुढे उभी राहिली.

"बिजले, ऐकलंस का? खाडीला आज बोयटं लय लागलीत."

आई आतून म्हणाली, "बिजले, आजीला सांग, आमच्या घरात लोनचं घातलंय. कुंपनावर वाटी ठेवते. कावळ्यानं नेली तर नेली."

कावळ्याने वाटी नेली. संध्याकाळी त्याच वाटीत चार बोयटं आली, खाडीचे ताजे मासे.

मग हळूहळू सगळ्या आळीला बकरीची भाषा येऊ लागली. बिजलीला इतकी माणसं इतकं काही सांगायची, की बिचारी मान वर करून रवंथ करायचीच विसरायची. फक्त एक बाई कधी कुंपणाजवळ आली नाही. मथुरी. चाहू पाटलांची बायको.

मथुरी आणि आई एकाच गावच्या, खाडीपलीकडच्या. एकाच दिवशी, एकाच होडीतून दोघी नवऱ्या म्हणून या काठाला उतरल्या होत्या. भरती होती, दोघींना होडी लागली, आणि दोघींनी एकमेकींच्या शालूंवर ओकाऱ्या काढल्या. ही गोष्ट त्या दोघी हसून हसून सांगायच्या. एक सुरुवात करायची, दुसरी पुरी करायची. कुंपणात दोघींनी जाऊन येऊन एक भोक पाडलं होतं, माणूस जाईल एवढं. श्रावणापासून त्या भोकात मेंदी वाढू लागली.

मथुरी तिकडे भांडी घासायची ते मला ऐकू यायचं. फार आपटून घासायची. आणि आई इकडे कशावरही हसायची. कोंबडी घसरली, हसली. बाबांच्या चपलेत बेडूक निघाला, हसली. कधी काही नसताना. मला वाटायचं, माझी आई म्हणजे दिवाळीतली चकली, आली कशीही तरी खुसखुशीत.

मला मात्र शाळेत बाकावर एकटीला बसावं लागे, आणि तो शब्द माझ्या तोंडात काट्यासारखा फिरे. एकदा पदीआजी आली तेव्हा मी बिजलीच्या गळ्यात हात घातला.

"बिजले, आजीला विचार ना, वाळीत म्हंजे काय? आये खरं सांगत नाय."

पदीआजी माझ्याकडे न बघता दगडावर टेकली. तिने तंबाखू मळली, दाढेला लावली.

"बिजले, तो शब्द गावकीचा नाय. आमचा बायांचा हाय. माझ्या आजीच्या आजीपासून धवळ्यात हाय. ऐक."

आणि ती गायली. दुपारच्या उन्हात, एका बकरीपुढे, जणू भरल्या मांडवात गावं तसं.

"पयलं बोलावनं डोंगरीच्या देवाला,
मागं नका वाळू गो, पायथ्याच्या दगडाला.
दुसरं बोलावनं खाडीच्या पान्याला,
मागं नका वाळू गो, काठाच्या चिखलाला.
तिसरं बोलावनं साती घरच्या सोयऱ्यांना,
मागं नका वाळू गो, एकल्या त्या बयेला."

"वाळनं म्हंजे बोलावताना कुनाला मागं ठेवनं. बाजूला काढनं," ती म्हणाली. "जुन्या बाया तसंच बोलायच्या. 'ये पोरी, कुनाला वाळलीस तर नाय ना?' असं. आमी गातो ते 'नका वाळू'. गावकीनं शब्द नेला आनि 'नका' आमच्याच दारात टाकून गेले. कळलं का गो बिजले?"

बिजलीने तिच्या पदराचं टोक चावलं. आजी उठली.

"आनि अजून एक सांग तुझ्या मालकिनीला. पाटलांच्या सुगंधाचं जमलं. माघात लगीन. या हंगामाचा पयला मांडव."

आतून आईचा आवाज थोडा उशिराने आला. "बिजले, नवरा कसा हाय विचार."

"नाक जरा पुढं हाय. पन पोरगा कामाचा."

आई हसली. फार मोठ्याने हसली. सुगंधाला लहानपणी नहाण घालायची ती आईच.

माघ आला. पाटलांच्या अंगणात मांडव उभा राहिला, आंब्याचे डहाळे बांधले गेले. हळदीच्या सकाळी कुंपणापलीकडे एवढी गर्दी, की आमच्या ओटीवर बांगड्यांची किणकिण ऐकू येत होती. बाबा पहाटेच मिठागरावर निघून गेले. आई ओटीवर कुंपणाकडे पाठ करून तांदूळ निवडत बसली. तिने ठेवणीतलं लुगडं नेसलं होतं. का, ते मी विचारलं नाही. मी कुंपणाच्या भोकाशी, मेंदीची पानं बाजूला सारून.

पदीआजीने धवळा उचलला. बायांनी मागून सूर धरला. डोंगराला बोलावलं, खाडीला बोलावलं, दगडाला, चिखलाला. माझ्यामागे आई तेच गुणगुणत होती, सूपही त्याच ठेक्यात हलत होतं.

गाण्याच्या शेवटी आमच्या गावात एक रीत होती. पुढे मी बऱ्याच मांडवांत गेले, पण ती कुठे दिसली नाही. नवरीच्या आईने तांदळाच्या राशीवर हात ठेवायचा. धवलारीण विचारणार, "कोन रायलं गो?" मग बाया एकेक नाव सांगणार. वेशीवरचा देव राहिला, मेलेली सासू राहिली, घरची म्हैस राहिली. एकेकाच्या नावाने अक्षत पडायची. सगळ्यांची नावं झाली, की नवरीची आई म्हणणार, "कोनी नाय रायलं." तेव्हा हळद उचलायची, आणि हळद लागल्यावरच जेवणाच्या चुली पेटायच्या. तांदळावर हात ठेवून खोटं बोललं तर ते पोरीच्या संसाराला बाधतं, असं मानत.

नावं झाली. म्हैससुद्धा झाली. पदीआजीने मथुरीकडे पाहिलं.

"कोन रायलं गो?"

मथुरीने तोंड उघडलं. "कोनी..." आणि थांबली.

"कोन रायलं गो?"

सगळ्या बाया तांदळाकडे बघत होत्या. माझ्यामागे सूप थांबलं.

मांडवाबाहेर खुर्च्यांवर पुरुष बसले होते. चाहू पाटील उठून आत आले. उंच, वाळक्या बांबूसारखा माणूस, डोक्याला नवं पागोटं. "काय खोळंबा? पुढं चल, आजी."

"गानं पुढं जात नाय, पाटला."

"मी सांगतो. कोनी नाय रायलं."

"तू पोटात वागवलीस का पोर? हात कुनाचा हाय तांदळावर? उत्तर तिचं."

पाटलांनी मथुरीकडे पाहिलं. मथुरी राशीकडे बघत राहिली. नवरी पाटावर बसून कंटाळली होती. तिने हळूच विचारलं, "आये, लगीन करायचं का नाय?" आणि दोन पोरी फिसकन हसल्या.

ऊन चढलं. चुली थंड. वड्यांचं पीठ फुगलं आणि परातीच्या काठावरून खाली उतरू लागलं. बाहेर पुरुषांत चुळबुळ सुरू झाली. गावकीतले एक म्हातारे पंच दर थोड्या वेळाने मान लांब करून चुलींकडे बघत आणि परत मागे टेकत.

शेवटी पाटलांनी बामाला काहीतरी सांगितलं. बामा कुंपणाशी आला. मी चटकन मागे सरले. त्याने बिजलीला नमस्कार घातला.

"बिजले बाय, पाटील बोलतात, तुझी मालकीन आत्ताच्या आत्ता माफी मागंल तर बंदी उठली. मांडवात येऊ दे, मानानं जेवू दे. दोनच शब्द बोलायचे."

मी आईकडे पाहिलं. दोन शब्द. बाकावर शेजारी कुणीतरी बसेल. सुगंधाच्या हळदीत मला नाचता येईल. बोल ना आये, मी मनात म्हणत होते, बोलून टाक.

आईने सूप खाली ठेवलं. ती कुंपणाकडे वळली, सकाळपासून पहिल्यांदाच. पण आवाज नेहमीचाच.

"बिजले, बामाला सांग, मी बाळंतिनीला पानी पाजलं. त्याची माफी मागितली तर उद्या माझ्या पोरीच्या बाळंतपनाला कोन येईल? सुगंधाच्या येईल का कोनी?"

एवढं मोठ्याने बोललेलं कुंपणापलीकडे ऐकू गेलंच. बामा उभाच राहिला. मग माझ्या लक्षात आलं, की मांडवातही सगळं ऐकू गेलंय, कारण तिथली किणकिण थांबली होती.

"कोन रायलं गो?" पदीआजीचा आवाज आला. या वेळी तिने गाऊन विचारलं नाही. साधं, घरात विचारावं तसं विचारलं.

"अनशी रायली."

मी भोकातून पाहिलं. मथुरी बोलली होती. श्रावणापासून त्या अंगणात आईचं नाव कुणी घेतलं नव्हतं.

"कोन? म्हातारीला ऐकू नाय आलं."

"अनशी!" मथुरी ओरडली. तिच्या मुठीतून तांदूळ गळत होते. "माझ्या होडीतली अनशी! कुंपनापलीकडं बसलीय आनि मी तिना बोलावली नाय!"

"अनशी रायली," मागून एक बाई म्हणाली. मग दुसरी. मग सगळ्याच. कुणी रडत, कुणी हसत, आणि त्या बायांनी त्याचा धवळाच केला, ठेक्यात, टाळ्या वाजवत, "अनशी रायली गो, अनशी रायली."

"नियम हाय," पाटील म्हणाले. पण त्यांनाच ते ऐकू आलं असावं.

म्हातारे पंच खुर्चीवरून उठले. "चाहू, नियमाचं जेवल्यावर बघू."

मथुरी फाटकातून आलीच नाही. ती थेट माझ्या अंगावर आली, त्या भोकातून, मेंदीत पदर अडकवत, टरकन फाडत. तिच्यामागे हळदीच्या वाट्या घेतलेल्या बाया, त्यांच्यामागे सनई आणि ढोल. सनईवाल्याला नक्की काय झालंय कळलं नव्हतं, पण तो वाजवत आला. सगळ्यांच्या शेवटी चाहू पाटील, हातात अक्षतांचं ताट, कारण बोलावणं करायचं ते नवरीच्या बापाने. ते आमच्या अंगणात उभे राहिले. घसा खाकरला. आणि सवयीने बकरीकडे वळले.

"बिजले, तुझ्या मालकिनीला सांग..."

एकच हशा उठला. पाटीलही अधूनमधून बिजलीशी बोलत होते, हे त्या दिवशी सगळ्या गावाला कळलं.

"पाटील," आई म्हणाली, "बकरी सकाळपासून उपाशी हाय. तिना काय ऐकू येत नाय. मना सांगा."

पाटलांचे कान लाल झाले. त्यांनी ताट पुढे केलं. "अनसूबाय, सुगंधाची हळद हाय. या."

आईने अक्षता घेतल्या, कपाळाला लावल्या. मथुरीने तिचा हात धरला तो मांडवात जाईपर्यंत सोडला नाही. मला कुणीतरी उचलून घेतलं होतं. मी एवढी मोठी असून.

राशीजवळ आईला मथुरीशेजारी बसवलं. पदीआजीने पदर सावरला. यादी मोडली म्हणजे प्रश्न परत विचारायचा.

"आथा कोन रायलं गो?"

मथुरी हसऱ्या तोंडाने उत्तर द्यायला निघाली, तोच आईने आपला हात तिच्या हातावर ठेवला. तांदळावर.

"रायली," आई म्हणाली. "कमळी रायली."

म्हाताऱ्या पंचांनी डोळे मिटले. मला वाटलं, आता संपलं, आता आम्हाला परत कुंपणापलीकडे जावं लागणार. पाटलांनी आईकडे पाहिलं. मग लेकीकडे. सुगंधा पाटावर पाय दुमडून बसली होती, कधीतरी तीही अशीच कळा देणार होती.

मग त्यांनी पागोटं काढलं, डोकं खाजवलं, पागोटं परत घातलं.

"बामा," ते म्हणाले, "वाजाप घेऊन जा. ताट मी घेतो. चला लवकर, बांध लांब हाय."

कमळीच्या घरी सनई-ढोल पळत गेलेले मी पाहिले आहेत. ढोलवाला बांधावर घसरला आणि खाडीच्या चिखलात बसला, तरी त्याने वाजवायचं थांबवलं नाही. पुढे पाटील, पागोटं सावरत. कमळीने आधी दार लावून घेतलं, इतकी माणसं बघून घाबरली. मग आली. नवरा मागे, कडेवर ती सहा महिन्यांची पोर. मांडवात शिरताच त्या पोरीने तांदळाच्या राशीत दोन्ही हात घातले आणि मूठभर तोंडात कोंबले.

"आथा?" पदीआजी म्हणाली.

"कोनी नाय रायलं!" मथुरी म्हणाली, आणि हळद उचलली गेली.

तशी हळद मी पुन्हा पाहिली नाही. नवरीच्या अंगापेक्षा बाकीच्यांच्या अंगावर जास्त लागली. म्हाताऱ्या पंचांच्या मिशा पिवळ्या झाल्या. बिजलीची शिंगं पिवळी झाली. बाबा मिठागरावरून परतले, पाटलांच्या अंगणात कोण कोण बसलंय ते बघून फाटकाशीच थबकले, तर बायांनी त्यांना तिथेच गाठून हळदीने न्हाऊ घातलं. पीठ फुगून वडे इतके हलके झाले होते की पोरं म्हणायची, हातातून उडतात.

दुपार कलली तेव्हा मी आईला शोधत पाटलांच्या मागच्या पडवीत गेले. आई आणि मथुरी तिथे भिंतीला टेकून बसल्या होत्या, पाय पसरून, दोघी पिवळ्याधमक. मी दाराआड थांबले.

मथुरी फाटक्या पदराने डोळे पुसत होती. "तू बरी हसायचीस गो. मी इकडं भांड्यांवर डोकं आपटते आनि तू तिकडं खदाखदा. मना वाटायचं, हिना काय फरक पडत नाय. हिना माझी गरजच नाय."

आता आई हसेल, असं मला वाटलं. ती हसली नाही. हळदीने माखलेले हात मांडीवर घेऊन ती बसून राहिली. तिचा तो चेहरा मी कधी पाहिला नव्हता. बाबांनीही नसेल पाहिला.

"मी हसत नव्हते, मथुरे," ती म्हणाली. "तुना हाका मारत व्हते."